चुकून दिलेलें वेतन आणि त्याची वसुली

पगार कमी हातीं पडला तर मनुष्य त्याच दिवशीं तक्रार करतो. थोडा अधिक पडला तर हिशेबनिसाचें बरोबरच असेल असें समजतो. यांत नेहमींच लबाडी असते असें नाहीं. मूळ वेतन, महागाई भत्ता, वेतनवाढीची तारीख आणि बिनपगारी रजा यांचा मेळ घालतांना चूक होते ती कचेरींत. ती उघडकीस येते कधीं कधीं अनेक वर्षांनीं, हिशेबतपासणींत. आणि तोंवर त्या रकमेचें घरभाडें, मुलांची फी व औषधपाणी होऊन गेलेलें असतें.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचें ७२ वें कलम चुकीनें मिळालेला पैसा परत करावयास सांगतें. दुकानदारानें चुकून अधिक दिलेली मोड परत करावी, तसेंच हें. परंतु दुकानदाराला ती मागावी लागते. मालकाच्या हातीं पुढील महिन्याचा पगारच असतो. मागण्याची गरजच नाहीं, कापून घेतलें कीं झालें! म्हणूनच कायद्याला मध्यें पडावें लागलें. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानें कोणकोणत्या कारणांसाठीं कपात करतां येईल तें ठरवून दिलें, व जादा वेतनाची वसुली हें त्यांतील एक कारण मानलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेंतही तें कायम आहे. मात्र सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापेक्षां अधिक होतां कामा नयेत. २४,००० रुपये वेतन असल्यास भविष्यनिर्वाह निधि, उचल आणि ही वसुली यांची बेरीज १२,००० च्या आंतच राहिली पाहिजे. उरलेलें देणें माफ होत नाहीं, पण घर एका महिन्यांत उघड्यावर पडत नाहीं.

सरकारी नोकरांच्या बाबतींत सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय महत्त्वाचे आहेत. हा जनतेचा पैसा असल्यानें तो सामान्यतः वसूल करावा, असें २०१२ सालीं ठरलें होतें. पंजाब सरकारच्या एका प्रकरणांत १८ डिसेंबर २०१४ रोजीं न्यायालयानें त्याला मर्यादा घातल्या. कर्मचाऱ्यानें फसवणूक केलेली नसेल, तर तृतीय व चतुर्थ श्रेणीचे नोकर, निवृत्त झालेले किंवा वर्षाच्या आंत निवृत्त होणारे यांच्याकडून वसुली करूं नये. तसेंच जादा वेतन पांच वर्षांहून अधिक काळ दिलें गेलें असल्यास तें मागूं नये. हा नोकराचा हक्क नव्हे, हाल टाळण्यासाठीं दिलेली सवलत आहे, हें न्यायालयानें २०२२ सालीं केरळांतील एका निवृत्त शिक्षकाला दिलासा देतांनाही सांगितलें.

या सवलतीला एक मोठें छिद्र आहे. वेतननिश्चितीच्या वेळीं ‘जादा रक्कम निघाल्यास परत करीन’ असें हमीपत्र पुष्कळदां लिहून घेतात. अशी हमी देणाऱ्या एका निवृत्त न्यायाधिकाऱ्याकडून वसुली करण्यास न्यायालयानें २०१६ सालीं मान्यता दिली; हप्ते मात्र सोसतील असे ठेवावयास सांगितले. बहुतेक नोकर तो कागद न वाचतांच सही करतात.