संगणकाचा डोळा का मिटला?

‘उद्या या’ हे दोन शब्द तुम्ही केव्हा ना केव्हा ऐकले असतीलच. सेवा केंद्रात दाखल्यासाठी किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी रांगेत उभे राहावे, आपला क्रमांक यावा, खुर्चीवर ताठ बसावे, आणि नेमका त्याच वेळी संगणकाचा कॅमेरा बंद पडावा! शेजारच्या गल्लीत राहणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातील पाड्यावरून आलेल्या माणसाची दिवसाची मजुरी बुडते आणि जीपचे जाण्यायेण्याचे भाडे वाया जाते.

आपल्या नंदुरबार जिल्ह्याचा आणि या छोट्या कॅमेऱ्याचा संबंध तसा जुना आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी देण्यात आले. आधारसाठी दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांच्या नोंदी घेतात, तसे चेहऱ्याचे छायाचित्रही घेतात. म्हणजे कॅमेरा चालला नाही, तर काम तेथेच अडले.

अशाच एका केंद्रात पाहिलेला प्रसंग सांगतो. एक वयस्क गृहस्थ छायाचित्रासाठी बसले होते. पडद्यावर त्यांचा चेहरा क्षणभर दिसे, ‘टुंग’ असा आवाज होई आणि चित्र नाहीसे होई. केंद्रचालकाने ड्रायव्हर दोनदा काढून पुन्हा बसविला. शेवटी तो म्हणाला, “बाबा, कॅमेरा जळाला. उद्या या.” कॅमेरा खरोखरच जळाला होता काय? आपणच शोधून काढू या.

आठ कड्यांची साखळी

प्रथम या कॅमेऱ्याचे काम कसे चालते ते पाहू. पुढच्या भिंगामुळे चेहऱ्याची लहानशी प्रतिमा संवेदकावर पडते. संवेदक म्हणजे सिलिकॉनची एक चकती. तिच्यावर हजारो सूक्ष्म चौकोन असतात. ६४० × ४८० बिंदूंचे चित्र देणाऱ्या साध्या कॅमेऱ्यात त्यांची संख्या ३,०७,२०० होते. प्रकाश पडला की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात. जेथे प्रकाश जास्त, तेथे इलेक्ट्रॉन जास्त. प्रत्येक चौकोनातील विद्युत्भार मोजून कॅमेऱ्यातील मंडल त्याचे आकड्यांत रूपांतर करते. हे आकडे वायरमधून संगणकाच्या यूएसबी पोर्टकडे जातात. तेथे ड्रायव्हर त्यांचा अर्थ लावतो, संगणकाची परवानगी असेल तर ते पुढे जातात, आणि शेवटी प्रोग्रॅम त्यांचे चित्र पडद्यावर उमटवितो.

या साखळीच्या कड्या मोजा: भिंग, संवेदक, मंडल, वायर, पोर्ट, ड्रायव्हर, परवानगी आणि प्रोग्रॅम. एकूण आठ. यांतील एक जरी तुटली, तरी आपल्याला दिसतो तो एकच परिणाम: पडदा काळा! म्हणूनच काळ्या पडद्याकडे पाहून ‘कॅमेरा जळाला’ म्हणणे आणि ताप आला म्हणून ‘हिवतापच’ म्हणणे यांत काही फरक नाही.

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली एका कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखलेला होता. कॉफी शिल्लक आहे की नाही, हे जागेवरून न उठता कळावे एवढाच त्याचा उद्देश! १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आले आणि जगभरचे लोक ते पाहू लागले. हाच पहिला वेबकॅम समजतात. २००१ मध्ये तो बंद करण्यात आला. त्याच्या चित्रात जेमतेम १२८ × १२८ बिंदू होते, पण साखळी मात्र अशीच होती.

निम्म्याने कमी करा

आठ कड्या एकेक करून तपासायच्या तर आठ चाचण्या लागतील. पण साखळी मधोमध तोडली तर? एका चाचणीत चार कड्या निर्दोष ठरतात, दुसरीत दोन, तिसरीत एक. दोनचा तिसरा घात आठ होतो, म्हणून तीन चाचण्या पुरतात.

पहिली चाचणी: कॅमेरा दुसऱ्या संगणकाला जोडा. तेथे चालला, तर पहिल्या चार कड्या ठीक आहेत. दुसरी: मूळ संगणकावर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून यादीत कॅमेऱ्याचे नाव आहे का पाहा. असेल, तर पोर्ट आणि ड्रायव्हर यांचा त्याच्याशी संपर्क आहे. तिसरी: संगणकातील दुसरा एखादा कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम उघडा. तेथे चित्र आले, तर दोष पहिल्या प्रोग्रॅमचा. नाही आले, तर ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन परवानगी तपासा.

आम्ही तसेच केले. शेजारच्या संगणकावर फक्त छपाईचे काम चाले. त्याला कॅमेरा जोडताच स्वच्छ चित्र आले. म्हणजे कॅमेरा जळालेला नव्हता! मूळ संगणकाच्या यादीत त्याचे नाव होते. दुसऱ्या प्रोग्रॅममध्येही चित्र येऊन जाई. परवानगी तर दिलेलीच होती. आठही कड्या निर्दोष, आणि तरीही पडदा काळा!

विसरलेली कडी

अशा वेळी उपकरणावर चिडण्याऐवजी आपल्या चाचणीकडे संशयाने पाहावे. पहिल्या चाचणीत आम्ही नेमके काय बदलले होते? मूळ संगणकाची पेटी टेबलाखाली होती. कॅमेऱ्याची दीड मीटरची वायर पोहोचत नसल्याने मध्ये तीन मीटरची एक्स्टेन्शन वायर जोडून ती पेटीच्या पुढच्या पोर्टात खोवली होती. शेजारच्या संगणकाकडे कॅमेरा नेला, पण एक्स्टेन्शन जागेवरच राहिली. म्हणजे एका वेळी एकच बदल करण्याऐवजी आम्ही दोन बदल केले होते: संगणक बदलला आणि वायरही बदलली!

आता नववी-दहावीत शिकलेला ओहमचा नियम आठवा. यूएसबीच्या वायरमधून आकड्यांबरोबर कॅमेऱ्याला वीजही मिळते. पोर्टाशी विभवांतर ५ व्होल्ट असते. स्वस्त वायरीतील तांब्याची तार सुमारे ०.३२ मिलिमीटर व्यासाची धरली, तर तिचा रोध दर मीटरला सुमारे ०.२१ ओहम होतो. एकूण लांबी साडेचार मीटर. प्रवाह जाऊन परत येतो, म्हणून ९ मीटर. रोध झाला सुमारे १.९ ओहम. धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांमुळे पिनांच्या जोडांत रोध वाढतो. तो अर्धा ओहम धरू. एकूण २.४ ओहम.

कॅमेरा नुसता जोडलेला असताना समजा ०.१ अँपिअर प्रवाह घेतो. वायरीत ०.२४ व्होल्ट खर्च होतात आणि कॅमेऱ्याला ४.७६ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर तो जागा राहतो, म्हणून यादीत नाव दिसते. चित्र पाठवू लागताच तो समजा ०.३ अँपिअर घेतो. आता वायरीत ०.७२ व्होल्ट खर्च होतात आणि उरतात ४.२८. यूएसबीच्या उपकरणाने सुमारे ४.४ व्होल्टपर्यंत काम करावे अशी अपेक्षा असते. त्याखाली ते केव्हाही मान टाकू शकते. कॅमेरा बंद पडतो, संगणक ‘टुंग’ करून तो निघून गेल्याचे कळवितो, आणि आपण मात्र ड्रायव्हर पुसत बसतो.

एक्स्टेन्शन काढून, पेटी थोडी पुढे ओढून कॅमेरा मागच्या पोर्टात लावला. चित्र आले आणि टिकले. मग एक्स्टेन्शन मुद्दाम पुन्हा जोडली. चित्र गेले! दोष काढून टाकता आला आणि पुन्हा आणूनही दाखविता आला, तरच तो खरा सापडला असे समजावे. दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये झाला. त्या गृहस्थांचे छायाचित्र त्याच दिवशी निघाले आणि ते दुपारच्या जीपने परत गेले.

दोष नेहमी वायरीतच असतो असे मात्र नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० या प्रणालीची सुधारित आवृत्ती आली आणि ठिकठिकाणचे धडधाकट कॅमेरे अचानक अडखळू लागले. काही कॅमेरे वायरीतून चित्र दाबून, आटोपशीर करून पाठवितात. ते त्याच स्वरूपात थेट घेण्याची सोय नव्या आवृत्तीत काढून टाकली होती. पुढे मायक्रोसॉफ्टला ती दुरुस्त करावी लागली. तेथे कॅमेरा बदलून काय उपयोग झाला असता?

यूएसबीची पहिली नियमावली जानेवारी १९९६ मध्ये निघाली. ती घडविणाऱ्यांपैकी इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडील गुजरातेतच बडोदे आहे, हे लक्षात ठेवा!

करून पाहा

तुमच्या शाळेच्या संगणकासाठी एक ‘दोषवही’ घाला. तीत चार रकाने आखा: काय दिसले, काय बदलले, मग काय झाले, त्यावरून काय ठरले. एका ओळीत एकच बदल लिहायचा. भिंगावरची झडप उघडी आहे का आणि दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने कॅमेरा अडवून ठेवला आहे का, हे सर्वांत आधी पाहा. संगणकाची पेटी मात्र स्वतः उघडू नका. ते काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच, आणि विजेची पिन काढूनच करायचे.

आणि एक गणित तुमच्यासाठी: वरील उदाहरणात सर्व तारांचा व्यास दुप्पट असता आणि जोडांचा रोध तेवढाच राहिला असता, तर चित्र पाठविताना कॅमेऱ्याला किती व्होल्ट मिळाले असते? त्या केंद्रात ‘उद्या या’ म्हणण्याची वेळ आली असती काय?