बुधवारच्या ६० रिकाम्या खुर्च्या आणि तीन लोकल बँड



कॅफे, स्नॅक्स सेंटर किंवा छोटा हॉल चालवणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात सध्या एक कल्पना घोळतेय. आठवड्यातल्या मंदीच्या दिवशी गावातल्याच दोन-तीन बँडना बोलवायचं, तिकीट लावायचं आणि जागा भरायची. कल्पना चांगली आहे. पण 'लाईव्ह म्युझिक ठेवलं की धंदा वाढतो' हे वाक्य जो तो दुसऱ्याला सांगतो, आणि वही काढून आकडे मांडणारा मात्र क्वचित सापडतो. व्हिडिओत मी हिशोब पाटीवर घाईघाईत मांडला होता. आज निवांत बसून मांडू.

माझं दुकान नाशिकला, प्रिंटिंग आणि स्टेशनरीचं. अशा कार्यक्रमांची पोस्टर, तिकिटं, प्रवेशाचे पास आमच्याकडून छापून जातात. कॅफेवालाही काउंटरवर येऊन बोलतो आणि गिटारवाला पोरगाही. दोघांची रडगाणी ऐकून माझं एक मत पक्कं झालंय: तिकिटाचे पैसे बँडचे, काउंटरचे पैसे तुमचे. ही रेघ पहिल्या दिवशी ओढली नाही, तर तिसऱ्या महिन्यात तुमच्याकडे वाजवायला कुणी येणार नाही.

आता आकडे. समजा तुमच्याकडे ६० खुर्च्या आहेत, तिकीट २५० रुपये, तीन बँड, प्रत्येकात चार जण. ४५ तिकिटं विकली गेली. झाले ११,२५० रुपये. साउंड सिस्टीमचं भाडं आणि ती चालवणारा माणूस मिळून ५,००० धरा. उरले ६,२५०. बारा वादकांत वाटले तर माणशी ५२० रुपये. यात त्यांचं पेट्रोल आलं, रिहर्सलच्या खोलीचं भाडं आलं आणि दोन महिन्यांची तालीमही आली. एवढ्यातूनही 'थोडा वाटा आपलाही' म्हणणारे मालक मी पाहिलेत.

मग तुमच्या हातात काय? काउंटर. समजा ५० जणांनी सरासरी १८० रुपयांचं खाल्लं-प्यालं. ९,००० रुपये. माल ३५ टक्के, म्हणजे ३,१५० गेले, राहिले ५,८५०. दोन जादा हातांचे १,४००, जाहिरात आणि पोस्टरचे १,०००, वीज आणि किरकोळ ४५०. शिल्लक ३,०००. आता जी ओळ लोक हमखास विसरतात ती लिहा: कार्यक्रम नसता तरी त्या बुधवारी संध्याकाळी याच हिशोबाने समजा १,८०० सुटलेच असते. म्हणजे एवढ्या सगळ्या धावपळीची खरी जादा कमाई १,२०० रुपये. लायसन्सची फी यात धरलेलीच नाही, ती निघाली की आकडा आणखी खाली.

वाचून हिरमुसलात? थांबा. पहिल्या रात्रीच्या नफ्यावर हा खेळ चालतच नाही. आलेल्या ५० पैकी ज्यांनी तुमची पायरी पहिल्यांदा चढली, ते शनिवारी परत आले का, यावर चालतो. हे मोजता येतं. त्या रात्रीच्या प्रत्येक बिलावर वेगळ्या रंगाचं कुपन द्या, १५ दिवसांच्या मुदतीचं. किती परत आली ते गल्ल्यात मोजा. तीन महिने कुपनं परत येत नसतील तर बँड कितीही भारी असो, तुमच्या धंद्याला त्याचा उपयोग नाही.

रिकामी वेळ विकण्याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण लिव्हरपूलचं आहे. मॅथ्यू स्ट्रीटवर एका गोदामाच्या तळघरात १९५७ साली कॅव्हर्न क्लब सुरू झाला, तोही जॅझसाठी. कमानीचं छत, कोंदट हवा, भिंतींना ओल. दारूचा परवाना नाही. १९५९ मध्ये रे मॅकफॉल यांनी तो विकत घेतला आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतले कार्यक्रम जोरात चालवले. आजूबाजूच्या ऑफिसांमधली पोरंपोरी सुट्टीत तिथे यायची, सूप, पाव, चहा, कोल्ड्रिंक घ्यायची आणि गाणी ऐकून कामावर परतायची. कोट ठेवायच्या खिडकीवर पार्टटाइम काम करणारी एक टायपिस्ट मुलगी पुढे सिला ब्लॅक नावाने मोठी गायिका झाली. बीटल्सनी १९६१ ते १९६३ या काळात तिथे जवळपास ३०० वेळा वाजवलं. एकदाच बोलावून मोठा जलसा केला असं नाही झालं. तोच बँड, तीच जागा, पुन्हा पुन्हा. ऐकणाऱ्याला सवय लागली आणि वाजवणाऱ्याचा हात बसला.

आणि याच गोष्टीचं दुसरं पान: १९६६ मध्ये मॅकफॉल दिवाळखोर झाले. ज्या तळघराचं नाव जगभर गेलं, त्याचा गल्ला देणी भागवू शकला नाही. प्रसिद्धी वेगळी आणि कॅश फ्लो वेगळा, हे बीबीएला आम्हाला पुस्तकातून शिकवलं होतं. त्या धड्यासोबत हे उदाहरण असतं तर वर्ग जागा राहिला असता!

न्यूयॉर्कच्या सीबीजीबीचंही थोडक्यात सांगतो. १९७३ मध्ये हिली क्रिस्टल यांनी कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज संगीतासाठी ती जागा काढली, नावातली अक्षरंच त्यांची. प्रत्यक्षात दारात आले रॅमोन्स आणि टेलिव्हिजनसारखे बँड. त्यांनी दार उघडं ठेवलं, पण बँडने स्वतःची गाणी वाजवायची, हा आग्रह धरला. त्यामागे व्यवहारही आहे, तो आपल्याकडेही लागू होतो.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. बँड कुणा दुसऱ्याचं गाणं तुमच्या जागेत तिकीट लावून गातो, तेव्हा शब्द आणि चाल यांच्या हक्कासाठी परवाना लागतो. हे काम बहुतेक वेळा आयपीआरएस ही संस्था बघते. दोन बँडच्या मधे तुम्ही स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी लावलीत, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, त्यासाठी पीपीएल किंवा त्या कंपनीशी बोलावं लागतं. म्हणून मधल्या वेळात गाणी लावूच नका, लोकांना बोलू द्या. स्वतःची गाणी गाणारे बँड असतील तर त्यांच्याकडून तसं लेखी घ्या. त्यांच्यापैकी कुणी आयपीआरएसचं सभासद आहे का, तेही विचारा, कारण मग त्या गाण्यांचा हक्क संस्थेकडे असू शकतो. आणि तिकिटाबद्दल: संगीत कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्या प्रवेशावर जीएसटी नाही. खाण्याच्या बिलावर नेहमीसारखाच. 'तिकिटात एक कॉफी फुकट' अशी सांगड घालायची असेल तर आधी सीएला फोन करा.

आता दहा वाजताची गोष्ट. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ही त्यात रात्र. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तिथे तर ५० आणि ४०. मुंबईच्या रंगभवनाचं काय झालं ते आठवा. १९८६ मध्ये जिथे इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं, ती खुली जागा हॉस्पिटल आणि कॉलेजला लागून, म्हणून शांतता क्षेत्रात धरली गेली आणि तिथले कार्यक्रम थांबले. एवढ्या मोठ्या मंचाचं जे झालं ते तुमच्या कॅफेचं व्हायला एक तक्रार पुरते. स्पीकरची लेखी परवानगी पोलीस स्टेशनमधून काढा. आणि त्याआधी वरच्या मजल्यावर जा. काकूंना तारीख सांगा, 'साडेनऊला बंद करतो' असं सांगा आणि स्वतःचा नंबर द्या, मॅनेजरचा नको. परीक्षेचे दिवस असतील तर तो महिना सोडा. कार्यक्रमाच्या रात्री साडेनऊ म्हणजे साडेनऊ, लोक कितीही 'वन्स मोअर' म्हणोत.

जागेचा आवाज हा वेगळाच विषय. टाइल्सची फरशी, काचेची दर्शनी भिंत, पीओपीचं छत असेल तर आवाज आदळून परत येतो आणि शब्द कळत नाहीत. जाड पडदे, ड्रमखाली सतरंजी, एवढ्यानेही फरक पडतो. ६० माणसांच्या खोलीत ड्रमला माइक लागत नाही, उलट बाकीच्यांना त्याच्या वर आणावं लागतं. शक्य असेल तर पहिल्या महिन्यात ड्रमसेटऐवजी कहोन वाजवणारे बँड घ्या. आणि स्वयंपाकघरातला मिक्सर! हळुवार गाणं सुरू असताना आत चटणी फिरायला लागली की सगळा हॉल हसतो. चटण्या, शेकचा बेस, सगळं सातच्या आत उरकून ठेवा.

मेनू छोटा ठेवा, सहा पदार्थ पुरे. कारण गाणं चालू असताना चांगला प्रेक्षक ऑर्डर देत नाही, आणि द्यायला लावूही नका. तुमची विक्री होते ती दोन बँडच्या मधल्या पंधरा-वीस मिनिटांत. त्या वेळात ४० ऑर्डरी एकदम येतात. चार मिनिटांत हातात देता येईल असंच काही ठेवा: सँडविच, मिसळीची छोटी वाटी, कोल्ड कॉफी, चहा. तीनही बँडनी एकच ड्रमसेट आणि एकच अँप वापरायचं असं आधी ठरवा, नाहीतर वीस मिनिटांची पाऊण तास होते, लोक उठतात, आणि तिसऱ्या बँडला रिकाम्या खुर्च्या मिळतात.

फुकट पासांचं आधीच बोलून घ्या. बारा वादक, प्रत्येकाचे दोन मित्र, म्हणजे ६० पैकी २४ खुर्च्या गेल्या. वादकामागे एक पास, बस. याचा राग येत नाही, आयत्या वेळी सांगितलं तर येतो.

आता पैशांचं. माझं मत असं की प्रत्येक बँडला २,००० रुपयांची हमी द्या, आणि तिकिटातला वाटा त्याहून जास्त निघाला तर तो द्या. तिघांचे ६,००० आणि साउंडचे ५,०००, एकूण ११,०००. म्हणजे ४४ तिकिटं विकली की हा खर्च तिकिटातून निघाला. एकही तिकीट नाही गेलं तर ११,००० तुमच्या खिशातून. ही रक्कम बुडाली तर दुकानाचं भाडं किंवा पोराचा पगार अडणार असेल, तर इतक्यात हे करू नका. आधी एकच बँड, दोन जणांचा, बिनतिकीट, असा प्रयोग करून बघा.

'आम्ही फोटो-व्हिडिओ काढून देतो, तुमची प्रसिद्धी होईल' हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. मागच्या वर्षी एका आयोजकाने आमच्याकडून पोस्टर छापून घेतली, हॉल भरला, आणि चार बँडना हेच वाक्य ऐकवून रिकाम्या हाताने पाठवलं. त्यातला एक पोरगा इगतपुरीहून गिटार पाठीला बांधून बाइकवर आला होता. आमचं बिलही तीन महिने रखडलं, पण तो धंद्याचा भाग. त्या पोराचं वाईट वाटलं. शहरातले सगळे वादक एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात, हे त्या आयोजकाच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाची पोस्टर छापायला तो आमच्याकडे परत आला, पण त्यावर टाकायला त्याच्याकडे बँडची नावंच नव्हती.

पाकिटं आधी भरून ठेवा, वर नावं घाला, शेवटचं गाणं संपून वायरी गुंडाळायच्या आत हातात द्या. यूपीआय करणार असाल तर समोर उभं राहून करा. आणि वादकांना जेवायला घाला, उरलेलं नव्हे, ताटात वाढून.

एक पानी करारपत्राचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवतो. तोपर्यंत एक काम: येत्या बुधवारी रात्री आठ वाजता आपल्याच जागेत सगळ्यात मागच्या खुर्चीवर बसा. भरलेल्या खुर्च्या मोजा, एकदा जोरात टाळी वाजवून ती किती घुमते ते ऐका, आणि मग जिना चढून वरच्या काकूंकडे चहाला जा.