एवढे पैसे घातलेत, आता सोडायची कशी?

मागच्या वेळी आपण ‘निर्णय’ या शब्दाची फोड केली. आज तोच विषय मी गॅरेजमध्ये नेणार आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला इंजिनातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. फारसं कळत नाही. पण गेल्या मे महिन्यात थोडं कळून घ्यावं लागलं.

आमची छोटी पेट्रोल गाडी १४ वर्षांची. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बायको म्हणाली, “अहो, कसला वास येतोय?” पाहतो तर काटा लाल रेषेवर. गाडी बाजूला घेतली तेव्हा बॉनेटमधून वाफ येत होती. काटा किती वेळ तिथे होता, ते मला सांगता येईना. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

मेस्त्री म्हणाले, “सर, हेड गॅस्केट गेलीय.” इंजिनाचा खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये ही पातळ चकती असते. जळणारा वायू, थंड ठेवणारं पाणी आणि ऑइल, या तिघांना ती वेगळं ठेवते. कूलंट गळून इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, चकतीची पकड सुटते आणि तिघं एकमेकांत मिसळतात. हेड सरळ करून भागलं तर २५-३० हजार. आत बोअरला ओरखडे असतील तर पूर्ण इंजिनकाम, म्हणजे ७० हजार. आणि आत काय आहे, ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

माझा पहिला विचार काय होता? “आताच तर क्लच टाकला, टायर बदलले. ४० हजार घातलेत. आता सोडायची कशी?” तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी हे वाक्य कधी ना कधी उच्चारलेलं असणार. (हशा)

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्राच्या सहाव्या भागात सांगून ठेवलंय की, घडून गेलेल्या गोष्टीबद्दल कोणी विचारविनिमय करत नाही. ट्रॉय जिंकून झालं, आता ते जिंकावं की नाही हा प्रश्नच उरत नाही. अर्थशास्त्रज्ञ याला बुडीत खर्च म्हणतात. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९६२ मध्ये काँकॉर्ड विमानाचा करार केला. खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढत गेला, पण एवढं घातल्यावर थांबायचं कसं, म्हणून ते घालतच राहिले. त्यामुळे या चुकीला काँकॉर्डचंच नाव मिळालं.

पण इथे एक बारीक गोष्ट आहे, ती बरेच जण विसरतात. टायरचा खर्च बुडाला, टायर बुडाले नाहीत. ते अजून तीन वर्षं चालतील, म्हणजे पुढचा खर्च तेवढा वाचला. तेव्हा ‘किती घातले’ हे विचारू नका. ‘आज हातात काय आहे’ हे जरूर विचारा.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. शेजारी म्हणाले, “गाडीची किंमत लाखभर, तिच्यावर सत्तर हजार कोण घालतं?” ऐकायला बिनतोड. पण मला गाडी विकायची नव्हती, वापरायची होती. दुरुस्तीची तुलना गाडीच्या बाजारभावाशी नाही, तर दुरुस्ती न केल्यास मला जे करावं लागेल त्याच्या खर्चाशी करायची.

म्हणून कागद घेतला. बायकोचे गुडघे, फिजिओथेरपी, मंडई. सगळीकडे रिक्षा-टॅक्सीने गेलो तर महिना ७ हजार. गाडी असेल तर पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग धरून साडेचार. फरक अडीच हजार. दोन वर्षांचे ६० हजार. त्यातून १० हजार वजा, कारण १५ वर्षं झाली की नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते. तिचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५ हजारांवर गेलं, शिवाय आपल्याकडे पर्यावरण कर आहेच. आणखी १० हजार पुढच्या एखाद्या बिघाडासाठी बाजूला. उरले ४०. बंद गाडी आज विकली काय आणि चालती गाडी दोन वर्षांनी विकली काय, साधारण सारखेच पैसे येणार होते. म्हणून ते दोन्हीकडून कापले. तेव्हा माझी मर्यादा ४० हजार.

ही मर्यादा इंजिन उघडण्याआधी ठरवायची. का? युबुलिडिस नावाच्या ग्रीक विचारवंताचा ढिगाचा पेच तुम्हाला आठवत असेल. एक दाणा काढल्याने ढीग संपत नाही, मग तो संपतो कधी? गॅरेजमध्ये नेमकं हेच होतं. “सर, उघडलंच आहे तर वॉटर पंप टाकून घ्या.” “टायमिंग बेल्टही.” प्रत्येक रक्कम एकटी पाहिली तर नव्या गाडीपेक्षा लहानच दिसते. अशाने थांबण्याची जागा कधीच येत नाही. ती आपणच आधी आखावी लागते.

मी मेस्त्रींना म्हटलं, “आधी फक्त हेड उतरवा. त्याची मजुरी देतो. पाहू आणि मग ठरवू.” ते पाच हजार मी दुरुस्तीसाठी दिले नाहीत, माहितीसाठी दिले. लेथवाल्याने तपासलं: हेड वाकलेलं, पण तडा नाही. ब्लॉक सपाट, बोअर स्वच्छ. मजुरी धरून सगळं काम २९ हजारांत झालं. तडा निघाला असता किंवा बोअरला ओरखडे असते, तर गाडी तिथूनच विकली असती. आणि ५ हजार गेले म्हणून रडलोही नसतो.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. हा हिशेब मी मोठ्या अभिमानाने मुलीला फोनवर सांगितला. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, काटा किती वेळ लाल होता?”

मी गप्प झालो. हिशेबात एक रुपयाची चूक नव्हती, पण हिशेब अर्धवट होता. मी गाडीचं वय मोजलं, चालवणाऱ्याचं मोजलं नाही. मी ७४ वर्षांचा आहे. गाडी सोडायची नाही, यामागे ‘मी अजून चालवू शकतो’ हा हट्ट किती होता, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. इंजिनाबद्दल बोलणं सोपं, म्हणून आपण इंजिनाबद्दल बोलतो.

गाडी ठेवली आहे. डोळे तपासून घेतले. चालवतो ती गावात आणि दिवसाउजेडी. घाट असेल तर ड्रायव्हर बोलावतो. आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा कागद घेऊन बसायचं, असं मुलीला कबूल केलंय. त्या कागदावर पहिली ओळ माझी असेल, गाडीची दुसरी.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मायलेज सोडून काहीही.