वारा
वारा : वाहत्या हवेस मराठीत रूढ असलेला शब्द. संस्कृत ‘वा’ (वाहणे) या धातूपासून सिद्ध झालेल्या ‘वात’ या शब्दाच्या कुळातील तो असून फार्सी ‘बाद’ व लॅटिन ‘व्हेंटुस’ हे शब्दही त्याच कुळातील होत. ‘हवा’ हा शब्द मूळ अरबी. तो फार्सीतून मराठीत आला. हिंदीत ‘हवा’ दोन्ही अर्थी चालतो. मराठीने मात्र भेद राखला आहे आणि तो मोलाचा आहे. वारा पडला, तरी हवा उरतेच. हवापालटासाठी गेलेला रुग्णही वारा शोधीत नसतो. मूळ ‘वात’ संधिवातासारख्या वैद्यकीय संज्ञांत टिकून आहे. वाऱ्याच्या चंचलपणामुळे ‘वाऱ्यावर सोडणे’ म्हणजे निराधार करणे; ‘अंगात वारे येणे’ म्हणजे देवतेचा संचार होणे. कोकण किनाऱ्यावर रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांस ‘मतलई वारे’ म्हणतात. दिवसा उलट दिशेने येणारे ते ‘खारे वारे’.