ऑक्सिजनच्या तावडीतून अॅल्युमिनियम

पृथ्वीच्या कवचात सर्वांत जास्त असलेला धातू लोखंड नव्हे, अॅल्युमिनियम. तरी माणूस तीन हजार वर्षांहून अधिक काळ लोखंड गाळत आला आणि अॅल्युमिनियम हाती लागले ते १८२५ मध्ये, डेन्मार्कच्या ऑर्स्टेडच्या प्रयोगशाळेत; तेही चिमूटभर आणि अशुद्ध. लोखंडाच्या धातुकातला ऑक्सिजन भट्टीतला कोळसा ओढून नेतो. अॅल्युमिनियमने तो इतका घट्ट धरलेला असतो की साध्या भट्टीत कोळशाची मात्रा चालत नाही.

तिथे वीज लागते. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून विद्युतप्रवाह सोडून पोटॅशियम वेगळे केले. तत्त्व सोपे आहे : क्षार वितळला की त्यातले आयन मोकळे होतात, धातूचे धन आयन ऋणाग्राकडे जातात आणि तिथे इलेक्ट्रॉन घेऊन धातू होतात. मग अॅल्युमिनियमचा क्षार सरळ पाण्यात का विरघळवू नये? कारण मग ऋणाग्रावर धातूऐवजी पाण्यातला हायड्रोजनच निघतो. आणि शुद्ध अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियमचा ऑक्साइड, वितळायला २००० अंशांहून अधिक तापमान हवे!

हा पेच १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉलने आणि फ्रान्समध्ये पॉल एरू याने, एकमेकांना न ओळखता, सोडवला. दोघे १८६३ चे, दोघे वारले १९१४ मध्ये. कादंबरीकाराने असा योगायोग रचला तर आपण नाक मुरडू. दोघांची युक्ती एकच : वितळलेल्या क्रायोलाइट या खनिजात अॅल्युमिना विरघळवायचा. मग सुमारे ९६० अंशांवर काम भागते. धातू जड म्हणून तळाशी साचतो. ऑक्सिजन कार्बनच्या धनाग्रावर येतो आणि त्यालाच जाळून कार्बन डायऑक्साइड होतो. टनभर धातूमागे चारशे किलोंहून जास्त कार्बन असा संपतो. कोळशापासून सुटका झाली असे म्हणणे म्हणूनच अर्धसत्य आहे.

विजेचा दाब चार-साडेचार व्होल्ट, म्हणजे तीन टॉर्च सेलांएवढाच; प्रवाह मात्र लाखो अॅम्पिअरचा. किलोभर धातूला साधारण १४ युनिट जातात. त्यामुळे कारखान्याची जागा ठरवताना खाणीपेक्षा वीज महत्त्वाची. उत्तर प्रदेशातला रेणुकूटचा कारखाना १९६२ मध्ये रिहंद धरणाजवळ उभा राहिला तो याच हिशेबाने. आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यात, राधानगरीच्या डोंगरपठारांवर बॉक्साइट हे अॅल्युमिनियमचे धातुक आहे. पण नुसत्या तांबड्या दगडाने भागत नाही. आधी कॉस्टिक सोड्याने त्यातला अॅल्युमिना वेगळा काढायचा, मगच विजेची पाळी. मागे उरतो तांबडा, क्षारयुक्त चिखल, आणि तो टाकायचा कुठे याचे समाधानकारक उत्तर या उद्योगाला आजही देता आलेले नाही.

जुने भांडे वितळवून पुन्हा धातू करायला मात्र धातुकापासून लागणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे पाच टक्केच पुरते, कारण ऑक्सिजन आधीच काढलेला असतो. भंगारवाला तुमच्या चेपलेल्या पातेल्याचे पैसे देतो ते मुख्यतः त्यासाठीच.