वर्ध्याची लांबी किती?

‘वर्धा’ या नावाची लांबी किती? वाचणारा दोन अक्षरे म्हणेल. युनिकोडच्या हिशेबात व, र, हलन्त, ध आणि काना अशी पाच चिन्हे होतात. पायथनमधून, सीची फंक्शने बोलावणाऱ्या सीटाइप्समार्फत, सी भाषेच्या लांबी मोजणाऱ्या ‘स्ट्रलेन’ फंक्शनला तेच नाव जसेच्या तसे दिले, तर लिनक्सवर उत्तर येते २ आणि विंडोजवर १०. यूटीएफ-८ करून दिले की दोन्हीकडे १५.

यातला २ सगळ्यांत घातकी, कारण तो बरोबर वाटतो! पायथन असा मजकूर रुंद अक्षरांत धाडतो आणि लिनक्सवर दर चिन्हाला चार बाइट लागतात. ‘व’चे पहिले दोन बाइट भरलेले असतात, तिसरा शून्य. शून्य आला की मजकूर संपला, हा सीचा जुना नियम. म्हणजे मोजणी ‘व’च्या पुढे गेलेलीच नसते. विंडोजवर चिन्हामागे दोनच बाइट, म्हणून पाच दुणे दहा.

बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास सी घडवली, पण आजही बहुतेक भाषांना जुन्या भक्कम लायब्ररींशी बोलायचे तर सीच्याच रिवाजाने बोलावे लागते. पायथनमध्ये सीटाइप्स २००६ साली, २.५ आवृत्तीत आले. जावाने असा नवा मार्ग २०२४च्या २२व्या आवृत्तीत कायम केला. माझ्या मते रस्टची शिस्त सगळ्यांत चांगली: मजकुराच्या मध्येच शून्य बाइट असेल, तर रस्टचे ‘सीस्ट्रिंग’ तो मजकूर घेतच नाही.

मजकुरापेक्षा कॉलबॅक अवघड. इथे आपले फंक्शन सीच्या स्वाधीन करायचे आणि ती हाक मारेल तेव्हा ते हजर हवे. मराठीला त्याची गरज साध्या गावांच्या यादीत पडते. एसक्यूलाइट ही डेटाबेस लायब्ररी स्वतःहून बाइटांच्या क्रमाने यादी लावते. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ला चिकटून, ‘व’च्या आधी बसवलेला आहे. त्यामुळे पळसगाव पवनारच्या आधी येते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’च्या नंतर, म्हणजे पवनार आधी हवे. त्यासाठी तुलनेचे फंक्शन आपणच नोंदवावे लागते. एसक्यूलाइट त्याला दोन्ही नावे लांबीसकट देते. शेवटी शून्य असेल या भरवशावर राहू नये. हे फंक्शन पुढे बदलले, तर जुना इंडेक्सही नव्याने बांधावा लागतो.

सीटाइप्सने थेट नोंदणी केली, तर कॉलबॅकची वस्तू आपल्याकडे धरून ठेवावी लागते. तिला धरणारे कुणी उरले नाही की पायथन ती झाडून टाकतो, सीकडे मात्र जुना पत्ता तसाच राहतो. प्रोग्राम कोसळतो तो पुढे कुठेतरी, भलत्याच ओळीवर. कॉलबॅकमध्ये एखादी एरर आली, तर ती पडद्यावर छापली जाते, पण बोलावणाऱ्या कोडपर्यंत पोहोचत नाही.

जिल्ह्याच्या याद्या करणाऱ्यांनी आधी ‘आर्गटाइप्स’ लिहून टाकावे, म्हणजे सीच्या फंक्शनला बाइटच हवेत हे सांगून ठेवावे. मग कच्चा ‘वर्धा’ पाठवला की पायथन जागीच नकार देतो. आणि चाचणी इंग्रजी नावांवर उरकू नये, त्यात ‘ळ’चा घोटाळा दिसणारच नाही. पवनार आणि पळसगाव ही जोडी चाचणीत ठेवा.