विश्लेषण : बाल्कनीतली बाग इमारतीला जड होते का? वजन, पाणी आणि उन्हाचे गणित काय?

पहिला पाऊस पडला की मुंबई-पुण्यातील रोपवाटिकांमध्ये गर्दी होते. चार कुंड्यांनी सुरू झालेली बाग बघता बघता चाळीस कुंड्यांवर जाते. मग एके दिवशी खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओला डाग दाखवायला बोलावतात आणि सोसायटीच्या सभेत ‘कुंड्या हटवा’ हा विषय येतो. बहुतेक वेळा दोष झाडांचा नसतो. वजन, पाणी आणि ऊन यांचा अंदाज आधीच घेतला तर बाग आणि इमारत दोन्ही टिकतात.

कुंडीचे वजन किती असते?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तर एक लिटर भिजलेली माती म्हणजे साधारण दीड ते पावणेदोन किलो. बारा इंची कुंडीत अंदाजे १५ लिटर माती मावते. म्हणजे पावसात भिजल्यावर ही एक कुंडी २५ किलोच्या आसपास जाते. एका चौरस मीटरमध्ये अशा नऊ कुंड्या सहज बसतात. त्यांचा भार सव्वादोनशे किलो होतो.

इमारत किती भार पेलू शकते?

इमारतींच्या भाराबाबतच्या ‘आयएस ८७५’ या भारतीय मानकानुसार निवासी इमारतीची बाल्कनी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, तर ये-जा असलेली सपाट गच्ची सुमारे १५० किलो भार गृहीत धरून आखली जाते. यात माणसे आणि सामानही आले. गच्चीवर वाफा करून केवळ अर्धा फूट माती पसरली, तरी भिजल्यावर ती दर चौरस मीटरला अडीचशे किलोपर्यंत जाते. म्हणजेच गच्चीची मर्यादा तिथेच ओलांडली जाते. जुन्या इमारतीत तर गंजलेल्या सळ्यांमुळे मूळ ताकदही उरलेली नसते. त्यामुळे मोठी बाग करण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यायलाच हवा.

बाल्कनीचा स्लॅब अनेकदा भिंतीतून पुढे आलेला असतो. त्यावर बाहेरच्या कडेचे वजन सर्वांत जास्त ताण देते. म्हणून जड कुंड्या भिंतीलगत ठेवाव्यात. कठड्यावर कुंडी ठेवूच नये, कारण पावसाळी वाऱ्यात ती खाली कोणाच्या डोक्यावर पडू शकते. छज्जा खिडकीला आडोसा म्हणून असतो, वजन पेलण्यासाठी नाही.

गळती कशामुळे होते?

मुंबईत पावसाळ्यातील चार महिन्यांत सरासरी २,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कुंडी थेट जमिनीवर असेल तर तिच्याखालची जागा सुकतच नाही. कोब्याला बारीक भेग असली की पाणी आणि मुळे आत शिरतात. आतली सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडू लागतात. उपाय सोपा आहे. कुंडी विटांवर किंवा स्टँडवर ठेवून खाली हवा खेळू द्यावी आणि मातीने पन्हळीचे तोंड बुजत नाही ना, हे पाहावे. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेली पिंपळ-वडाची रोपे दिसताच मुळासकट काढावीत.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची वाढ साचलेल्या स्वच्छ पाण्यात सात ते दहा दिवसांत पूर्ण होते.

वजन कमी कसे करायचे?

निव्वळ लाल माती जड असते आणि काही दिवसांत घट्ट बसते. माती, कोकोपीट आणि कंपोस्ट समप्रमाणात घेतल्यास भिजलेल्या कुंडीतील भार साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. सोसायटीच्या आवारातील सुका पालापाचोळा, उसाची चिपाडे आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांतून घरीच कंपोस्ट होते. ओल्या कचऱ्यावर दर वेळी पाचोळ्याचा थर दिला, तर वास येत नाही.

याचे मुंबईतील परिचित उदाहरण मुंबई पोर्ट ट्रस्टचे आहे. २००२ मध्ये तेथील मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर खानपान विभागाच्या अधिकारी प्रीती पाटील यांनी भाज्या आणि फळझाडे लावायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा जागीच जिरवून त्याची माती करणे हा त्यामागचा मुख्य विचार होता.

कुठे काय लावावे?

मिरची, टोमॅटो, वांगी यांना रोज किमान सहा तास ऊन आणि फूटभर खोल माती लागते. पालक, कोथिंबीर, पुदिना यांना तीन-चार तास ऊन आणि अर्धा फूट माती पुरते. वाळूत वाढणारी समुद्रमेथी तर पसरट ट्रेमध्येही येते. अळूला कमी ऊन चालते.

दक्षिणेकडच्या बाल्कनीत ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन आत येते. तोच तिथला भाजीचा हंगाम. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, तेव्हा दक्षिणेकडची बाल्कनी सावलीत जाते. पूर्वेचे सकाळचे ऊन बहुतेक रोपांना मानवते. पश्चिमेला एप्रिल-मेमध्ये हिरव्या जाळीची सावली द्यावी लागते.

परवानगी लागते का?

इमारतीची सामायिक गच्ची सर्व सभासदांची असते. त्यामुळे तेथे बाग करायची तर सर्वसाधारण सभेची लेखी संमती घ्यावी. पाणी कुठून घ्यायचे, गच्चीची सफाई कोणी करायची आणि गळती झाल्यास खर्च कोणाचा, हेही त्यातच नोंदवावे. घरच्या बाल्कनीत पाच-सहा कुंड्यांनी सुरुवात करावी, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि खालच्या शेजाऱ्यांचे छत कोरडे आहे हे पाहूनच पुढच्या कुंड्या आणाव्यात.